शाळेच्या भिंतीवरच्या "आम्ही" मधे आपली ग्रामसभा बसते का नाई?

गट्टूत्रस्त_यवतमाळ

नमस्कार मंडळी, थोडं लांबडं लिहून राहिलो पण पुरं वाचा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, हजार-बाराशे मतदान, कपाशी अन् तूर, बाकी काही नाई. मागच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही वीसक कास्तकारांनी धरून लावलं का यंदा गावात गट्टू (रस्त्यावर बसवतात ते सिमेंटचे ठोकळे) नको, पहिले पांदण (वावरात जायची वाट) करा. पावसाळ्यात आमच्या पांदणीत बंडी अर्ध्या चाकापर्यंत फसते, खताचं पोतं डोक्यावर न्या लागते, वेचणीच्या बाया तं सरळ म्हणतात का तुमच्या वावरात येतच नाई आम्ही. ठराव झाला, सूचक मीच, अनुमोदक शेजारचे काकाजी, रजिस्टरमधे लिहिलं, खाली सह्या अंगठे सगळं झालं. अन् दिवाळीनंतर पाहतो तं देवळापासून चौकापर्यंत गुलाबी-पिवळे गट्टू. पांदण जशीच्या तशी.

सचिवाले विचारलं (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणा लागते म्हणे, आम्ही सचिवच म्हणतो) तं तो म्हणे भाऊ, ग्रामसभेचा ठराव म्हणजे शिफारस असते, आदेश नसते. बरं बाप्पा.

मंग दुसऱ्या दिवशी पोरीले आणाले शाळेत गेलो, तिथं भिंतीवर प्रास्ताविका रंगवून आहे, तुमच्याही गावात असन. हजार वेळा तिच्यासमोरून गेलो असन पण त्या दिवशी थांबून वाचली. सुरुवात "आम्ही, भारताचे लोक" अन् शेवट "हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण". स्वतःप्रत! म्हणजे देणारेही आपण अन् घेणारेही आपण, मधात कोणी नाई. मंग मधात हा सचिव कुठून आला अन् गट्टू कुठून आले?

तं माझा प्रश्न सरळ आहे. त्या "आम्ही" मधे गावची ग्रामसभा येते का नाई? संविधानात ग्रामसभा हा शब्द तरी आहे का? २६ जानेवारीले पुन्हा सभा आहे, मले पुस्तक घेऊनच उभं राहाचं आहे. अन् जाता जाता हेही सांगा का संविधान २६ नोव्हेंबरले स्वीकारलं तं लागू दोन महिन्यांनी काऊन केलं, पोरीनं विचारलं अन् मले सांगता नाई आलं.

अर्जनवीस_कारंजा

भाऊ, शब्द आहे. अनुच्छेद २४३ मधे व्याख्याच आहे, गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची मिळून जी सभा ती ग्रामसभा. हे नीट ध्यानात घ्या कारण लोक ग्रामपंचायत अन् ग्रामसभा एकच समजतात. पंचायतीचे मेंबर निवडून येतात, पाच वर्षांनी जातात. ग्रामसभेची ना निवडणूक ना मुदत, तुमचं नाव यादीत आहे तोवर तुम्ही तिचे सदस्य, उद्या सरपंच बदलला तरी तुम्ही आहातच.

पण हे १९५० च्या मूळ पुस्तकात नव्हतं. मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद अन् ८ अनुसूच्या, अन् त्यात गावासाठी म्हणाल तर एक अनुच्छेद ४०, की राज्यानं ग्रामपंचायती संघटित कराव्या अन् त्यांना स्वशासनासाठी लागतील ते अधिकार द्यावे. तोही मसुद्यात नव्हता, संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मधे के. संथानम यांनी दुरुस्ती मांडली तेव्हा आत आला. आणि आला कुठं, तर मार्गदर्शक तत्त्वांत. अनुच्छेद ३७ म्हणतो ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, पण कोर्टात जाऊन बजावून घेता येत नाहीत. म्हणजे बापानं म्हणायचं पोरांनो रानाची काळजी घ्या, सातबारा मात्र नावावर करून द्यायचा नाही, असं ते प्रकरण. हे असंच ४०-४२ वर्षं चाललं. मग १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, तिनं २४३ अन् त्याच्या मागं अ, ब, क करत अख्खा भाग जोडला, अकरावी अनुसूची जोडली त्यात २९ विषय, शेती, पाणी, रस्ते, प्राथमिक शाळा सगळं. पाच वर्षांनी निवडणूक घ्याच, बायांना एक तृतीयांश जागा द्याच (महाराष्ट्रानं नंतर अर्ध्या केल्या), राज्य निवडणूक आयोग नेमाच, हे सगळं "च" लावून आहे.

आणि ग्रामसभेच्या अधिकारापाशी येऊन तो "च" गायब होतो. २४३-अ वाचा, त्याचा मतलब एवढाच की राज्याचं विधानमंडळ कायदा करून जे देईल ते अधिकार ग्रामसभा वापरू शकेल. म्हणजे घर तुमच्या नावावर, किल्ली मुंबईत. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे.

उरलेलं अर्धं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात, १९५८ चा. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, पुरेसं कारण नसताना नाही घेतल्या तर सरपंचाचं पद जातं. कोरम, म्हणजे सभेला निदान जेवढी माणसं हवीत ती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी ते. विकासाचा आराखडा ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय पुढं जात नाही, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी निवडायचे ते ग्रामसभेनं. तर तुमचा सचिव जे बोलला ते सगळ्या ठरावांना लागू नाही. काही ठराव शिफारसच असतात (उदा. गावात एसटीचा थांबा द्या), काही मात्र मंजुरी असते अन् तिच्याशिवाय पैसा खर्चच होऊ नये. तुमचा ठराव कोणत्या जातीचा ते तो पैसा कोणत्या खात्यातून आला त्यावर ठरेल. ते पाहिलं का?

निवृत्त_मास्तर_अमरावती

तारखांचं मी सांगतो, हा प्रश्न मी ३१ वर्षं वर्गात विचारला आहे. १९२९ च्या डिसेंबरात लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि १९३० पासून २६ जानेवारी हा स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचे. पुढे स्वातंत्र्य मिळालं १५ ऑगस्टला, मग २६ जानेवारीचं काय करायचं, तर तो दिवस प्रजासत्ताकासाठी राखला. पण पूर्ण संविधान काही दोन महिने कपाटात पडून नव्हतं. नागरिकत्वाचे अनुच्छेद आणि निवडणूक आयोगाचा अनुच्छेद ३२४ असे मोजके अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले. म्हणजे सरकार यायच्या आधी मतदार कोण आणि निवडणूक कोण घेणार हे ठरवून घेतलं. कन्येला हे सांगा, तिला आवडेल.

दुसरं म्हणजे, "आम्ही" बद्दल. त्या पहिल्या शब्दावरूनही संविधान सभेत वाद झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला प्रास्ताविका चर्चेला आली तेव्हा ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की सुरुवात "ईश्वराच्या नावाने" अशी असावी. कामत आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून सभेवर गेलेले. चर्चा तापली, मतदान झालं, बाजूने ४१ आणि विरोधात ६८. देवाचं नाव मतदानाला टाकलेलं बऱ्याच आस्तिक सभासदांनाच पटलं नव्हतं, हीसुद्धा मजा. तर ते "आम्ही" असं हात वर करून राहिलेलं आहे, आपोआप नाही. त्याच सभेत आपल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुखही होते, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले.

तेव्हा आपण महाराष्ट्रात नव्हतोच हे आजकालच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. १९५० साली विदर्भ मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर. असो, विषयांतर झालं.

वेगळा_विदर्भ_पाह्यजेच

मास्तर विषयांतर नाई हो, हाच मुद्दा आहे. ग्रामसभा ग्रामसभा काय करता, किल्ली मुंबईत आहे हेच तं रडगाणं आहे. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगानं, फजल अली आयोग म्हणतात तो, त्यानं लिहून देल्लं होतं का विदर्भाचं वेगळं राज्य करा. नाई केलं. त्याच्या आधी १९५३ चा नागपूर करार. मंग संविधानात ३७१(२) टाकलं का विदर्भ मराठवाड्यासाठी वेगळे विकास मंडळं अन् राज्यपालावर विशेष जबाबदारी. मंडळं बनाले १९९४ उजाडलं अन् मुदत संपली ३० एप्रिल २०२० ले. संविधानात अनुच्छेद आहे अन् मंडळ नाई, आता बोला. अन् वेगळं राज्य पाह्यजे असन तं अनुच्छेद ३, संसद साध्या बहुमतानं करू शकते, विधानसभेचं फक्त मत इचारा लागते, ऐका लागत नाई.

अर्जनवीस_कारंजा

साहेब तुमचं म्हणणं खोटं नाही पण नागपूरला राजधानी आली तरी किल्ली नागपुरात जाईल, ह्यांच्या गावात नाही येणार. ह्यांचा प्रश्न पांदणीचा आहे. वेगळ्या विदर्भाचा धागा वेगळा काढा, मी येतो तिथं भांडायला.

खालच्या_पुऱ्यातला

सगळे ग्रामसभेले अधिकार द्या अधिकार द्या म्हणून राहिले म्हणून थोडं आडवं बोलतो, राग नका मानू.

मूळ संविधानात गाव काऊन नव्हतं ते अर्जनवीस भाऊनी सांगितलं नाई. ४ नोव्हेंबर १९४८ ले बाबासाहेबांनी मसुदा मांडताना भाषण केलं त्यात ते स्पष्ट बोलले, गाव म्हणजे स्थानिक संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा, अन् मले आनंद आहे का मसुद्यानं गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला. सेवाग्राम इथून दोन-अडीच तासाच्या रस्त्यावर, गांधीजी तिथं बसून ग्रामस्वराज्य म्हणत होते, त्यांना मानणाऱ्या लोकांना हे भाषण लय झोंबलं, सभेत चार-पाच दिवस त्याच्यावरच बोलणं चाललं. पण बाबासाहेब जे बोलले ते हवेतून नाई बोलले. माझ्या आज्याच्या वेळी आमच्या पुऱ्यातल्या माणसाले गावच्या विहिरीवर चढता येत नव्हतं, अन् तो नियम कोण्या इंग्रजानं नव्हता बनवला, गावानंच बनवला होता, एकमतानं! आमच्याकडून कोणी इचारलं नाई ते सोडा. तं "गावात आम्हीच सरकार" म्हटलं का माह्यासारख्याले पहिले हे इचारा वाटते का त्या आम्हीत मी हाओ का.

म्हणून मले वाटते प्रास्ताविकेतला "आम्ही" म्हणजे गाव नाई, एक एक माणूस आहे. तिथं लिहूनच आहे का व्यक्तीची प्रतिष्ठा. मूलभूत हक्क सरकारापासून वाचवतात तसे गावापासूनही वाचवतात, अनुच्छेद १७ नं अस्पृश्यता बंद केली ती दिल्लीतल्या ऑफिसात थोडी होती, ती गावातच होती. आजही कोणत्या ग्रामसभेनं ठराव घेतला का अमक्याच्या घरी कोणी जायचं नाई, तं शंभर टक्के सह्या असल्या तरी तो कागद रद्दी आहे, उलट महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे त्यात सही करणारेच आत जातीन.

बाकी पांदणीले माझा पूर्ण पाठिंबा, आमच्या पुऱ्याकडची पांदण तं याच्याहून वाईट आहे अन् तिचा ठराव मांडाले सूचकही भेटत नाई.

गट्टूत्रस्त_यवतमाळ

दादा राग कायचा, उलट बरं केलं लिहिलं. खरं सांगतो, आमच्या ठरावावर सह्या वीस लोकांच्या अन् ते सगळे बागायती बाजूचे, त्या पांदणीच्या पलीकडं ज्यांचे कोरडवाहू तुकडे आहेत ते लोक सभेत आलेच नव्हते, आम्ही बोलावलंही नाई. लक्षात आलं आता.

मोहफूल_धानोरा

"गावात आम्हीच सरकार" हे वाक्य आमच्या तालुक्यातलं आहे म्हणून लिहितो. मेंढा (लेखा), धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". लोक फक्त दुसरा भाग पाठ करतात, पहिला विसरतात. पहिल्यात दिल्लीचं सरकारही आमचंच म्हटलं आहे, भांडण नाही मांडलेलं.

आणि खालच्या पुऱ्यातल्या दादांचा मुद्दा तिथं त्यांनी आपल्या परीनं असा सोडवला की बहुमत नाही, सर्वसहमती. एक माणूस नाही म्हणाला तरी विषय थांबतो, पुन्हा बसा, पुन्हा बोला. रात्र रात्र चालते सभा. शहरातला माणूस कंटाळून पळेल. पण ज्या निर्णयाला एकाचीही ना नाही तो निर्णय मग कोणी मोडतही नाही. गाव जवळपास सगळं गोंड आदिवासी आहे, म्हणून जमतं असंही लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दहा जातीच्या गावात सर्वसहमती म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची सहमती, हे मीही पाहिलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर ७३ वी दुरुस्ती अनुसूचित क्षेत्राला, म्हणजे आदिवासीबहुल भागाला, सरळ लागू झालीच नाही, पाचव्या अनुसूचीतल्या भागाला त्यातून वगळलं होतं. त्यासाठी १९९६ चा वेगळा कायदा, पेसा. त्यात ग्रामसभा महसुली गावाची नाही, पाड्याची टोल्याचीही होऊ शकते, आणि गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून जे मिळतं त्याची) मालकी, भूसंपादनाआधी सल्ला, हे कायद्यातच लिहून दिलं. नंतर २००६ चा वनहक्क कायदा. २००९ मधे मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण मिळाला म्हणजे कागदावर. बांबू तोडला तर वाहतूक परवाना देईना वनविभाग, बांबू गवत का झाड यावर दोन वर्षं घासाघीस, शेवटी २०११ मधे केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुस्तक कोणाच्या टेबलावर आहे त्यावर सगळं असतं हो. संविधान, पेसा, वनहक्क, सगळं असून गाडी अडली होती ती एका पावतीबुकाशी.

गट्टूभाऊ, तुमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातल्या अनुसूचित क्षेत्रात येतो का ते पाहा. तुमच्या जिल्ह्यातला काही भाग येतो, केळापूरकडचा वगैरे. येत असेल तर तुमच्या ग्रामसभेचं वजन वेगळं आहे.

गट्टूत्रस्त_यवतमाळ

नाई हो, आमचं गाव त्यात नाई येत. तेवढं नशीब कुठलं.

आडवी_बाटली

मी पण यवतमाळ जिल्ह्यातलीच. ग्रामसभेचा ठराव शिफारस असतो म्हणणाऱ्यांना आमची गोष्ट सांगते.

आमच्या गावच्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध बायांनी उचल खाल्ली तेव्हा पहिले सगळे म्हणायचे की संविधानात दारूबंदी आहे, अनुच्छेद ४७. आहे खरी. पण तेही मार्गदर्शक तत्त्वच, वर भाऊनी सांगितलं तसं, म्हणजे सरकारनं प्रयत्न करावा. म्हणून तर शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावानं कोरडा अन् आम्ही ओले, मधात फक्त नदी. गडचिरोली १९९३ पासून बंद, चंद्रपुरात २०१५ ला बंद केली अन् २०२१ ला उठवली. अनुच्छेद तोच, जिल्हा बदलला की अर्थ बदलते.

मग कळलं की महाराष्ट्रात एक नियम आहे, उभी बाटली आडवी बाटली. २५ टक्के महिला मतदारांनी सही करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यावंच लागते, अन् निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. ही शिफारस नाही हां, बंद म्हणजे बंद. फक्त मेख अशी की निम्म्या म्हणजे आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्या. जी लग्न होऊन पुण्याला गेली पण नाव यादीत आहे, जी मेली पण नाव काढलं नाही, ती सगळी उभ्या बाटलीकडून मोजली जाते असंच समजा. आमदार निवडायला असा नियम लावून पाहा म्हणावं कोणी निवडून येते का! पहिल्या वेळी आम्ही अकरा मतांनी पडलो. मग मतदार यादी घेऊन घरोघरी बसलो, मेलेली अन् गेलेली नावं कमी करायचे अर्ज भरले. दुसऱ्या वेळी बंद झालं. आता चोरून विकते एक जण, तो वेगळा विषय.

सांगायचं काय तर मागच्यांदा तुमच्या सभेत बाया किती होत्या? नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे. बहुतेक गावात तिची फक्त सह्यांची वही फिरते. पांदणीतून डोक्यावर ओझं कोण आणते? वेचणीच्या बायाच ना. त्यांच्या सभेचा ठराव आधी घ्या.

वऱ्हाडी_इंजिनेर_पुणे

अमेरिकेचं पण 'वुई द पीपल'नेच सुरू होतं, १७८७ चं. पण त्यांचं केवढुसं, सात कलमं अन् आजवर २७ दुरुस्त्या. आपल्या शंभराच्या वर झाल्या. आपलं जास्त मोठं म्हणून जास्त लोच्या का?

निवृत्त_मास्तर_अमरावती

नाही रे बाबा. त्यांच्यात प्रत्येक राज्याचं संविधान वेगळं, आपल्यात राज्यांचा कारभारही याच पुस्तकात, म्हणून जाड. आणि दुरुस्ती सोपी ठेवली ती जाणूनबुजून, बराच भाग संसदेच्या विशेष बहुमताने बदलता येतो. किती बदलता येतो यावर मात्र केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीश बसले आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला की मूलभूत चौकट मोडता येणार नाही. त्याची तारीख २४ एप्रिल १९७३. वर अर्जनवीसांनी ७३ वी दुरुस्ती लागू झाल्याची तारीख दिली ती पाहा, २४ एप्रिल १९९३. योगायोगच, पण वर्गात पोरांच्या लक्षात राहायचा. तुम्ही पुण्यात बसून लोच्या म्हणता, अहो दुरुस्ती झाली नसती तर गट्टूभाऊंच्या ग्रामसभेचा शब्दही त्यात नसता, आणि १८ वर्षांच्या पोराला मतही नसतं, आधी २१ होतं.

गट्टूत्रस्त_यवतमाळ

मंडळी, अर्जनवीस भाऊनी पैशाचं खातं पाहाले सांगितलं होतं ना. काल सकाळी जाऊन गट्टूजवळचा कामाचा बोर्ड पाहिला, अर्धा शेणानं झाकला होता, धुतला. त्यावर लेखाशीर्ष २५१५. म्हणजे हे पैसे पंचायतीचे नाईच! मी वर्षभर सचिवाशी भांडून राहिलो अन् त्याच्या हातातून एक रुपया गेला नाई. तो बी सांगेना लेकाचा.

अर्जनवीस_कारंजा

हेच मला वाटलं होतं. २५१५ म्हणजे ग्रामविकास विभागाचं ते हेड, त्याचं पूर्ण नाव वाचा एकदा सावकाश: "ग्रामीण भागात लोकप्रतिनिधींनी सुचविलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे". लोकप्रतिनिधींनी सुचविलेली. भिंतीवर "आम्ही, भारताचे लोक" अन् बोर्डावर हे. दोन्ही घटनेला धरूनच आहे बरं का, विधानसभेनं बजेट मंजूर केलं आहे. फक्त ते तुमच्या आमदाराच्या वाटेनं आलं, तुमच्या सभेच्या वाटेनं नाही. त्या पैशाला तुमचा ठराव अडवू शकत नाही, तिथं तो खरंच शिफारस आहे. सचिव खोटा नव्हता, अर्धवट होता.

आता तुमच्या हातात जे आहे ते बोला. वित्त आयोगाचा पैसा पंचायतीच्या खात्यात थेट येतो, पंधराव्या आयोगात (मार्च २०२६ पर्यंत) त्यातला ६० टक्के बंधित होता, तो पाणी अन् स्वच्छतेवरच, ४० टक्के अबंधित. पांदण बसली तर त्या अबंधितात बसते, अन् तेही आराखड्यात नाव असेल तरच. मागच्या वर्षीचा तुमचा ठराव आराखड्यात चढला का? नुसता रजिस्टरमधे राहिला असेल तर तिथंच मेला तो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाका, आराखडा अन् खर्च दोन्ही दिसते, मोबाईलवर. दुसरं, पांदणीसाठी मातोश्री योजना आहे, त्यातही ग्रामपंचायतीकडून प्रस्ताव जावा लागतो. अन् पांदणीवर कोणाचं अतिक्रमण असेल, जे असतेच, तर पहिले तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय कायद्याखाली अर्ज. कायदा १९०६ चा, इंग्रजाचा, पण पांदण मोकळी करायला आजही तोच कामी येतो. माझी अर्धी दुकानदारी त्यावर चालते. मोजणी न करता मुरूम टाकाल तर पुढच्या पेरणीला कोणीतरी नांगर घालेल त्यात.

खालच्या_पुऱ्यातला

अन् ठरावात नुसतं "पांदण रस्ता करणे" नका लिहू. कुठून कुठवर, कोणाकोणाच्या गट नंबरातून, किती लांब, हे सगळं टाका. नाईतर सरपंचाच्या वावरापर्यंत करतीन अन् पांदण झाली म्हणून फोटो टाकतीन. पलीकडच्या तुकडेवाल्यांचे गट नंबर पहिले लिहा, शेवटी नाई.

गट्टूत्रस्त_यवतमाळ

लिहून घेतलं सगळं. पोर्टल पाहिलं, आराखड्यात आपली पांदण नाईच, त्याच्या जागी "ग्रामपंचायत कार्यालयास संगणक साहित्य" आहे. आता रविवारी पलीकडच्या लोकांच्या घरी जाऊन येतो, अन् घरच्या बाईले सांगितलं महिला सभेचं, ती म्हणे वही तं मागच्याच आठवड्यात सहीले आली होती, सभा कधी आहे ते कोणी सांगितलं नाई. म्हणजे सुरुवात तिथून आहे.

आमचा कोरम १०० चा धरा लागते, मागच्या वेळी साठ-सत्तर होते, तहकूब करून अर्ध्या तासानं तेवढ्यातच उरकलं होतं. यावेळी किती येतात ते २६ ले रात्री टाकतो इथं.

आडवी_बाटली

सभेची वेळ अकराची ठेवू देऊ नका. वेचणीवर जातात बाया. झेंड्याच्या वेळीच थांबवून घ्या सगळ्यांना.